तारेजवळून चालणारी

धुळे, १७ नोव्हेंबर २०२४

हर्षू,

‘सप्रेम’ वगैरे लिहीत नाही. राग आलाय, आणि रागात मला मराठीच सुचतं; घरातली मारवाडी मनसोक्त भांडायला पुरत नाही. पत्र जिनेशच्या हाती देते आहे. आपला भाऊ दर सोमवारी जळगावला जातो, तेवढाच आता आपला टपालवाला. तू फोन सोडलास, म्हणून मला पेन धरावं लागलं. फळ्यावर लिहायची सवय असलेल्या हाताला कागद फार छोटा वाटतो.

परवा जिनेशने तुझा व्हिडिओ पाठवला. जळगावच्या जैन स्थानकात तू पांढरा पंजाबी ड्रेस घालून उभी आहेस, समोर शे-दोनशे बायका तोंडावर मुहपत्ती बांधून बसल्यात, आणि खाली अक्षरं, ‘मुमुक्षू हर्षिता’. मुमुक्षू! दीक्षेच्या वाटेवरची! या उन्हाळ्यापर्यंत तू अमळनेरच्या कॉलेजातून फिजिक्सची एम.एस्सी. झालेली मुलगी होतीस, आणि तुझी दीदी ते सांगत गल्लीभर फिरत होती.

ऐकलं मी तुझं भाषण. ‘तारेत वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन धावू लागतात. धावणाऱ्याची लांबी आकसते, हे सापेक्षता सांगते. म्हणून इलेक्ट्रॉन जवळ जवळ येतात, त्यांची दाटी होते आणि शांत तार भारित होते. आपलं मनही तसंच. संसारात धावलं की भार चढतो, थांबलं की उतरतो.’ बायकांनी ‘हर्ष हर्ष, जय जय’ केलं. मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, चुकलं! साफ चुकलं!

तू म्हणतेस तसं असतं तर माझ्या घरातली प्रत्येक चालू तार भारित झाली असती. मिक्सर लावला की वायरीला कागदाचे कपटे चिकटले असते. चिकटतात का? जमिनीवर उभ्या असलेल्या तुला-मला तार वीज वाहतानाही उदासीनच असते. इलेक्ट्रॉन काही दोरीने एकमेकांना बांधलेले नाहीत, की धावले म्हणून सगळी रांग आखडून गोळा होईल. या टोकाने जेवढे शिरतात तेवढेच त्या टोकाने बाहेर पडतात. वीतभर तारेत जेवढे धन तेवढेच ऋण.

भार दिसतो तो तारेजवळून चालणाऱ्याला. कितीदा सांगितलं होतं? पुन्हा सांगते. खाटेवर पापड वाळत घातलेत असं समज. पापड म्हणजे तारेतले धनभार, जागचे न हलणारे. त्यांच्या बाजूने मुंग्यांची रांग चाललीय, ते इलेक्ट्रॉन. आपण बाजूला उभ्या राहून मोजलं तर जेवढे पापड तेवढ्याच मुंग्या. आता तू मुंग्यांच्या सोबतीने, त्यांच्याच चालीने चालू लाग. तुझ्या लेखी मुंग्या जागच्या जागी आणि खाट मागे पळतेय. पळणारं आकसतं. मग आकसलं कोण? पापड! त्यांची दाटी वाढली. आणि मुंग्या, ज्या आम्हाला धावताना दिसत होत्या, त्या तुझ्या लेखी उभ्या असल्यामुळे जरा विरळ झाल्या. म्हणून सोबत चालणारीला तार धन दिसते, आणि ती स्वतः ऋण असेल तर तारेकडे ओढली जाते. खाटेजवळ उभा असलेला माणूस त्याच ओढीला चुंबकत्व म्हणतो.

म्हणजे तुझा दाखला पार उलटा आहे. एकट्या इलेक्ट्रॉनचा भार कुणाच्याच लेखी बदलत नाही, उभ्याच्या नाही आणि चालणाऱ्याच्याही नाही. बदलते ती दाटी, आणि तीही बघणारा चालू लागला म्हणून. पुढच्या वेळी एवढ्या बायकांना खोटं फिजिक्स सांगू नकोस. धर्म तुझा असेल, फिजिक्स माझं आहे.

आता मुद्द्याचं. पुण्याच्या संस्थेत तुझी संशोधनाची जागा आहे, पंधरा जानेवारीपर्यंत हजर व्हायचंय. पप्पांनी तुझ्या दीक्षेला होकार दिला, अमळनेरच्या अर्ध्या बाजारात पेढे वाटले. पण गुरुणीजींनी सांगितलंय की मोठी बहीण आईच्या जागी आहे, तिची आज्ञा आल्याशिवाय दीक्षा होणार नाही. तर ऐक, माझी आज्ञा नाही. मम्मी गेली तेव्हापासून तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्या उवा मी काढल्या, तुझा ताप मी उतरवला. ते केस लोचासाठी, हाताने उपटून काढायला, द्यायला मी बसलेली नाही. सामान बांध आणि ये.

तुझी,
दीदी


धुळे, ३ डिसेंबर २०२४

हर्षू,

तुझा निरोप पोचला. जिनेशने कविता म्हणून दाखवावी तसा एका दमात म्हणून दाखवला. ‘दीदीला सांग, तारेची चूक कबूल आहे. प्रवचनानंतर उभी राहून सगळ्यांसमोर दुरुस्त केली. पापड-मुंग्यांचा दाखला बायकांना फार आवडला. माझा निर्णय मात्र तोच आहे.’

वा! माझेच पापड माझ्यावर वाळत घातलेस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

दुसरी एखादी असती तर चूक गिळून टाकली असती. कोण विचारणार होतं तिथे? तू मात्र उभी राहून सांगितलीस. जिनेश निघून गेल्यावर मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. असल्या मुलीची प्रयोगशाळेला गरज असते गं. मी आमच्या स्टाफरूममध्ये बघते ना, चूक दाखवली की लोक आठ-आठ दिवस बोलत नाहीत.

परवा पप्पा आले होते. चपला काढायच्या आत सुरू झाले.

“रूपल, मंडपाचं ठरलंय. वसंत पंचमीला.”

“मंडप रद्द करता येतो, पप्पा.”

“संघापुढे माझं नाक कापणार तू?”

“तुमचं नाक आणि माझी बहीण. जन्मभर कापूस जोखलात, हेही जोखा.”

“तुझी मम्मी असती तर तिने हसत हसत आज्ञा दिली असती.”

“मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं,” मी म्हटलं.

पाण्याला हात न लावता गेले. मम्मीला ओढायचं काही कारण होतं का? प्रेमकुंवर निर्मलकुमार हे नाव ते आता पत्रिकेतच छापणार, ‘स्वर्गीय’ लावून. ती असती तर काय म्हणाली असती हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. तुला तर तिचा आवाजसुद्धा आठवत नाही.

माझ्याकडे स्वयंपाकाला येते ती भागाबाई, साक्रीकडची, तुला नेहमी भाकरीचा पहिला पापुद्रा द्यायची ती, रोज विचारते. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, “ताई, तुमना घरमा बठ्ठं शे, तरी पोर मांगी खावाले का बरं जास?” म्हटलं, घरात सगळं असून मागून खायला का जाते, ते तिलाच विचार. तर म्हणाली, “मी काय इचारू? ती तथी सुखी शे का, तेवढं सांगा.” त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

आणखी एक जिनेशच्या तोंडून कळलं. तू म्हणालीस म्हणे, ‘दीदी तिच्या जागेवरून बघते, मी माझ्या जागेवरून. दोघी बरोबर.’ हर्षू, हे वाक्य तुझ्या तोंडी शोभत नाही. ज्याला त्याला आपलं खरं असं म्हणायचं असलं की लोक सापेक्षतेचं नाव घेतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला! तुला दहावीत दाखवलं होतं. चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी टांगल्या, जिनेशच्या गाडीची बॅटरी आणली, दोन्हींतून एकाच दिशेने वीज सोडली आणि पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. तू किंचाळली होतीस. उभा माणूस म्हणेल, हे चुंबकत्व. इलेक्ट्रॉनसोबत चालणारा म्हणेल, कसलं चुंबकत्व, समोरच्या पट्टीवर भार दिसतोय त्याची ही ओढ. भांडण नावाचं आहे. पट्ट्या चिकटल्या की नाही, यावर दोघांचं दुमत होऊच शकत नाही. सापेक्षता सगळी त्यासाठीच उभी आहे, की नावं किती का बदलेनात, घडलेलं बदलू नये.

तसं हे. तू वैराग्य म्हण, मी टाकून जाणं म्हणते. तू माझ्या घरातून गेलीस, हे कुठल्याही जागेवरून बघितलं तरी तेच आहे.

जागा अजून आहे. पंधरा जानेवारी. मी पुण्याला सोडायला येईन, वसतिगृहात गादी घालून देईन आणि पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही, हवं तर तेही कबूल. पण ये.

दीदी


धुळे, १६ जानेवारी २०२५

हर्षू,

काल पंधरा तारीख गेली. दुपारी पुण्याच्या नंबरवरून फोन आला. मी घेतला नाही. काय सांगायचं होतं त्यांना?

संक्रांतीला जळगावला आले ती तुला घेऊनच परतायचं ठरवून. तुझा निळा स्वेटर पिशवीत घातला होता, एसटीत परतीला थंडी वाजते म्हणून. बघ कसा शहाणपणा. स्थानकात शिरले आणि आधी काही दिसेनाच. भर दुपारी खोलीत एक दिवा नाही. डोळे सरावले तर खिडकीच्या उजेडात तू पोथी घेऊन बसलेली, आणि चेहऱ्यावर काळजी म्हणून नाही. बारावीच्या परीक्षेत तुझी नखं खाऊन खाऊन बोटं सोलायची. परवा बघितली, सगळी नखं जागच्या जागी होती. त्याचाही मला राग आला.

गुरुणीजींशी भांडायचं म्हणून बसले होते. त्या पहूरच्या, आपल्यासारखंच मराठी बोलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“बहीणबाई,” त्या म्हणाल्या, “तुमच्या पापडांनी इथे आठवडाभर धर्मचर्चा चालली.”

“ती फिजिक्सची चर्चा होती, महासतीजी.”

“असू द्या. मला एक सांगा, चालणाऱ्याला तो भार दिसतो, तो खरा कुणाचा? तारेचा, का चालणाऱ्याचा?”

“एकट्या कुणाचाच नाही. दोघांच्या चालीत जो फरक असतो, त्याचा.”

“फार वेगाने धावतात का ते इलेक्ट्रॉन?”

“कुठले! मुंगी त्यांच्या पुढे निघून जाईल. त्या चालीने आकसणं किती, तर कुठल्याच यंत्राला मोजता येणार नाही इतकं.”

“मग एवढ्याशा फरकाने विहिरीवरचा पंप कसा फिरतो हो?”

“ते अगणित असतात म्हणून. एकेकाचा वाटा नसल्यासारखाच, पण बेरीज पाणी वर चढवते.”

त्या तुझ्याकडे बघून म्हणाल्या, “हिच्यासाठी तुम्ही केलंत ते असंच असणार. एकेक सांगायला गेलं तर काहीच नाही.”

मला ही बाई आवडायला नको होती. मी तयारी करून गेले होते, की या बायका भोळ्या पोरींना भुलवतात, असं तोंडावर म्हणायचं. मला पाणीसुद्धा देऊ शकत नाही याचं वाईट वाटतं, असं त्या म्हणाल्या, आणि वीज सजीव आहे का हे पुस्तकात लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, माझ्या पुस्तकात तो प्रश्नच नाही. त्या म्हणाल्या, “आमच्यातही सगळ्यांचं एकमत नाही. शंका आहे तोवर हात लावायचा नाही, इतकंच आमचं.” शंका असताना हात न लावणारी माणसं मी प्रयोगशाळेत शोधते आणि मला मिळत नाहीत.

मग पायऱ्यांवर आपण दोघी बसलो. तू जरा अंतर सोडून बसलीस. मी स्वेटर काढला, तू घेतला नाहीस.

“पुणे?” मी विचारलं.

“नाही, दीदी.”

“आणि मी जन्मभर नाही म्हणाले तर?”

“तर दीक्षा होणार नाही. तुझ्या आज्ञेशिवाय मी घेणार नाही, आणि गुरुणीजी देणारही नाहीत.”

“मग घरी चल.”

“घरी नाही येणार. इथेच राहीन. तू हो म्हणेपर्यंत.”

“म्हणजे माझ्या दारात उपोषण!”

“उपोषण कसलं, दीदी? तुला वेळ लागेल, एवढंच.”

तू शांतपणे बोललीस. आवाज चढवला असतास तर मी जिंकले असते. तुझ्याशी भांडून मी कधी हरलेली नाही. तू लहानपणी आदळआपट करायचीस तेव्हा बरी होतीस.

एसटीत एरंडोलपर्यंत मी तुला शिव्या घातल्या, पारोळ्यापासून पप्पांना. धुळं आलं तेव्हा घालायला कुणी उरलं नव्हतं. स्वेटर परत कपाटात ठेवलाय.

आज्ञा नाही म्हणजे नाही.

दीदी


धुळे, ३ फेब्रुवारी २०२५

महासतीजी,

असंच लिहायचं ना आता? ‘आपण’ म्हणायचं, ‘तू’ नाही. साध्वी हितज्ञाजी. आपलं हे नवं नाव मी ठेवलेलं नाही, तरी चांगलं आहे.

काल मंडपात काय झालं ते आपण बघितलंत, पण माझ्या बाजूने बघितलं नाहीत. केशरी शालूत आपल्याला आणलं, हातावर मेंदी, गळ्यात मम्मीचा हार. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, “किती भाग्याचं घर!” मी तिला म्हटलं, “बाई, तुम्हाला मुलगी आहे का?” ती म्हणाली, “दोन.” “मग एक द्या,” म्हटलं. ती पुढच्या रांगेत जाऊन बसली.

गुरुणीजींनी भरल्या मंडपात आज्ञा विचारली. पप्पा बोलले. जिनेश बोलला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि सगळा मंडप माझ्याकडे वळला. आपण मात्र खाली बघत होतात. बघितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, खरंच सांगते. डोळ्यांत जरा जरी विनवणी दिसली असती, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. तिथे काहीच नव्हतं. माझं ‘नाही’ आलं असतं तर आपण उठून पुन्हा त्या खिडकीत पोथी घेऊन बसल्या असतात, दहा वर्षं, वीस वर्षं, राग न करता. बहीण तरीही मिळणार नव्हती. मिळणार होती ती माझ्या शब्दाने डांबलेली कुणीतरी. तसली मला नको होती.

म्हणून म्हणाले, “आज्ञा आहे.” लोकांना वाटलं, मोठं मन. कसलं डोंबलाचं मन! हरले मी.

आपण पांढऱ्या कपड्यांत परत आलात तेव्हा मी ओळखलं नाही. केस गेल्यावर आपले कान इतके मोठे दिसतात, हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. हसू आलं, आणि शेजारच्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

पप्पांचं सांगते. मंडपात छाती पुढे काढून फिरले. अमळनेरला घरी पोचलो, दिवाणखान्यात फुलांचे हार, पाहुण्यांच्या चपला, आणि हा माणूस आपल्या खोलीच्या दारात उभा राहून हमसून हमसून रडायला लागला. “रूपल, घर रिकामं झालं गं.” म्हटलं, “आता सुचलं?” तरी पाठीवरून हात फिरवला. बाप आहे, काय करणार.

एकच मागणं आहे. आज्ञा दिली, त्याच्या बदल्यात नाही. मागणं आपलं वेगळं आहे. पायी विहार करत कधी धुळ्याला आलात तर माझ्या दारी गोचरीला, भिक्षेला या. साधूंना आमंत्रण चालत नाही, माहीत आहे, म्हणून आमंत्रण देत नाही. नुसता पत्ता सांगते. देवपूर, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे. हसू नका. तिथे आपण पाचवीपासून बारावीपर्यंत राहिलात, तरी सांगते. एकदा माझ्या हातचा घास आपल्या पात्रात पडू दे. मग मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

वंदना.
रूपल


धुळे, २४ एप्रिल २०२५

महासतीजी,

पुन्हा पत्र लिहिणार नाही म्हणाले होते. लिहिते आहे.

आपला साध्वींचा संघाडा अमळनेरहून धुळ्याकडे निघाल्याचं जिनेशने सांगितलं, तेव्हापासून मी सुट्टी टाकली. परीक्षेचं काम होतं, प्राचार्य नाराज झाले, होऊ देत. आपल्यासाठी म्हणून मुद्दाम रांधलेलं आपल्याला चालत नाही. कायदा मलाही कळतो. म्हणून मी आठवडाभर रोज दाल-बट्टी केली, स्वतःसाठी. रोज केली म्हणजे ते माझं रोजचं जेवण झालं, आपल्यासाठी केलं असं माझ्यावर कोण लावणार? भागाबाईला तुपाचा वासही सोसवेना. “ताई, येडी व्हयनी का?” म्हणाली.

रोज सकाळी दार सताड उघडं. बेल वाजवायला लागू नये. कच्चं, न उकळलेलं पाणी दूर, भाजी झाकलेली, आणि पंखा बंद. धुळ्याचा एप्रिल, त्रेचाळीस डिग्री, आणि मी नऊ ते बारा घामाच्या धारा पुसत खुर्चीत बसायचे, बटणाजवळसुद्धा जायचं नाही असं ठरवून. साध्वी दारात असताना विजेला हात लागला की घर असूझतं होतं आणि त्या दिवशी त्या घरचं काही घेता येत नाही, हे मला मम्मीने परकर नेसायच्या आधी शिकवलं होतं.

काल साडेअकराला जिन्यावर आवाज आला. “दया पाळा.” आवाज आपला. मी उठले. मागे एक वयस्क महासतीजी, पुढे आपण, हातात पात्रांची झोळी. किती वाळलात! मी वंदना करायला वाकले आणि आपले पाय दिसले. डांबरावरून आलेले. टाचा फुटलेल्या, तळवे लाल, आणि पाय टेकवेना म्हणून आपण एक पाऊल दुसऱ्यावर ठेवून उभ्या होतात, शाळेतून चपला तुटून आलात की उभ्या राहायच्यात तशाच.

पुढचं मी केलं नाही. हाताने केलं. खट् झालं आणि डोक्यावर पंखा फिरायला लागला.

वयस्क महासतीजी हळूच म्हणाल्या, “असूझतं झालं.” रागाने नाही म्हणाल्या. मी म्हटलं, “नाही, नाही, चुकून,” आणि बंद करायला धावले. आपण हात वर केलात. बंद करणंही तेच. मी तशीच बटणासमोर हात लांब करून उभी राहिले. “भागाबाई देईल, तिने कशाला हात लावला नाही,” असंही म्हणून बघितलं. आपण नकारार्थी मान हलवलीत.

त्या क्षणी सगळ्या बिल्डिंगमध्ये पंखा का फिरतो हे नीट सांगू शकणाऱ्या आपण दोघीच होतो, आणि दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना. तारेच्या वेटोळ्यात दाटी नसल्यासारखी बदलते, आणि पाती फिरतात. मला वाटलं आपण काहीतरी बोलाल. निदान हसाल. आपण नुसतं वर पंख्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि “दया पाळा” म्हणून वळलात.

समोरचं दार पाटीलकाकूंचं. त्यांना यातलं काही ठाऊक नाही, मुहपत्तीमागची पोरही त्यांनी ओळखली नाही, पण साध्वी दारात बघून त्या हात जोडून आत गेल्या आणि कळण्याची भाकरी घेऊन आल्या. आपण विचारलंत, “आमच्यासाठी केली नाही ना?” त्या म्हणाल्या, “नाही हो बाई, पोरांसाठी केली होती, एक उरली.” भाकरी लाकडी पात्रात पडल्याचा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला. ज्या काकूंशी दहा वर्षांत पाण्याच्या टाकीवरून माझी तीनदा भांडणं झाली, त्यांची उरलेली भाकरी आपल्याला चालली. माझ्या तुपातल्या बट्ट्या आठवडाभर वाट बघून तशाच राहिल्या.

भागाबाई जिन्यापर्यंत जाऊन आली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, “पोर भुकी गयी वं, ताई.” म्हटलं, “नाही गेली. समोरून घेऊन गेली.” तिला बट्ट्या बांधून दिल्या आणि लवकर घरी पाठवलं. मग पंख्याखाली बसले. आता काय, फिरू दे.

जिनेश म्हणतो, दीदी, मुद्दाम केलंस का? पप्पांनी फोनवर तेच विचारलं. संघातल्या बायकाही म्हणतील, हिने पहिल्यापासून मोडता घातला, दारातही घातला. म्हणू देत. आपणही कदाचित तसंच समजाल, आणि ते मला सोसणार नाही, म्हणून हे पत्र. मुद्दाम नाही केलं. आठवडाभर मी स्वतःला घाम पुसायला शिकवलं, पण उन्हातून आलेलं आपलं माणूस दारात बघून नुसतं उभं राहायचं, हे मला कुणी शिकवलं नाही, आणि आता या वयात येणारही नाही.

जिनेश म्हणाला, आज पहाटेच साक्रीच्या रस्त्याला लागलात. पुन्हा या बाजूला कधी, ते आपल्यालाही सांगता यायचं नाही. संसारातल्या चौकशीला साध्वी उत्तर देत नाहीत, तेही मला माहीत आहे. तरी विचारते. ‘आपण’ म्हणून विचारता येत नाही, माफ कर.

हर्षू, पाय फार भाजले होते का गं?